खाडीतली हजेरी

मध्यंतरी काही आठवडे मी वसईच्या खाडीत नोकरी केली. म्हणजे मी स्वतः कोरड्या जमिनीवरच होतो. स्कूटरवर, डोक्यात हेल्मेट, पाठीला सॅक. पण कंपनीच्या नकाशात मी खाडीत होतो. कधी मिठागरात, कधी रेल्वेच्या पुलाखाली, आणि एकदा तर अर्नाळ्याच्या किल्ल्याच्याही पलीकडे, भर समुद्रात. पगार देणारी कंपनी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकते. त्या दिवसांत पाण्याशी माझा संबंध एवढा जवळचा येईल असं नोकरीला लागताना कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या भागात या धंद्याला मरण नाही. बोअरचं पाणी खारट, टँकरच्या पाण्याची चव ड्रायव्हरप्रमाणे बदलते, आणि नळाचं पाणी येतं तेव्हा लोक त्याची चव बघत बसत नाहीत, भरून ठेवतात. त्यामुळे घरोघरी यंत्रं, आणि यंत्रं नीट चालताहेत ना हे बघायला मी. पूर्वी काम झालं की गिऱ्हाइकाची सही घ्यायची, संपलं. मग कंपनीने हजेरीचं ॲप आणलं. गिऱ्हाइकाच्या दाराशी उभं राहून बटण दाबायचं. नकाशावर एक हिरवं वर्तुळ, ते गिऱ्हाईक. एक निळा ठिपका, तो आपण. ठिपका वर्तुळात असला तर भेट झाली. ठिपका बाहेर असला तर तुम्ही गेलाच नाहीत, मग भले तुम्ही आत बसून फिल्टर बदललेला असो, चहा प्यायलेला असो आणि त्यांच्या मुलीसाठी स्थळ सुचवलेलं असो.

हे ॲप आलं आणि त्याच सुमारास लातूरच्या शाखेत माणूस हवा असल्याची बातमी आली. आमच्या कंपनीची पद्धत अशी की जो कामावर कमी दिसतो त्याला लांब पाठवायचं. तिथे तो जास्त कसा दिसणार, हे मला अजून कळलेलं नाही.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. घर म्हणजे वसईच्या पश्चिमेला, जुन्या आळीतलं, मागे वाडी असलेलं. वाडीत केळी, थोडी विड्याची पानं, विहीर आणि आईचा सोनचाफा. आमची पिढ्यान् पिढ्यांची बागायत. माझ्यापर्यंत येईतो तिचा नोकरदार झाला, पण आईने आपला वाटा सोडलेला नाही. सकाळी पंप चालू करून पाटाने पाणी सोडणं, कुठे फुटलं तर खोऱ्याने माती ओढणं, हे सगळं ती करते, आणि जिथे तिची कंबर नको म्हणते तिथे मी. बायकोची नोकरी मुंबईत. म्हणजे हिशेब सरळ होता: बदली झाली तर बायको इथे, आई इथे, आणि मी लातूरला एका खोलीत, स्वतःच बसवलेल्या यंत्राचं पाणी पीत.

आई बोलते आमच्या घरच्या बोलीत. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर आमच्या आळीबाहेरचा वाचक दुसऱ्याच ओळीला पुस्तक मिटेल, म्हणून थोडी धुऊन-वाळवून देतो.

"लातूरला चाफा होतो का रे?" तिने विचारलं.

"होत असेल की."

"होऊ दे," ती म्हणाली. "माझा इथे आहे."

मग तिने ताटातला भात संपवला, ताट उचललं. आई गप्प झाली की तिने काहीतरी ठरवलेलं असतं, आणि ते आपल्याला नंतर निस्तरायचं असतं.

मंगळवारी ती भजनी मंडळातल्या बायकांबरोबर विरारला डोंगरावरच्या देवीला गेली. गुडघ्यांमुळे रोपवेने, पण उतरताना पायऱ्यांनी, नवस फुकट जाऊ नये म्हणून. येताना खालच्या दुकानातून एक वस्तू आणली. सोनेरी पत्र्याचं छोटं कार्ड, त्यावर देवी उठावात कोरलेली. कुंकू लावून ते तिने माझ्यासमोर धरलं.

"फोन तुझ्याजवळ बायकोपेक्षा जास्त असतो. यातच बसव हिला."

आता हे काही जगावेगळं नव्हतं. फोनचं पारदर्शक कव्हर ही आमच्याकडे कोनाड्याची जागा आहे. कोणी त्यात घडी केलेली नोट ठेवतो, कोणी गुरूंचा फोटो, चर्चला जाणारे शेजारी संताचं चित्र ठेवतात. माझ्या कव्हरात तोवर बायकोचा पासपोर्ट फोटो होता, तिनेच ठेवलेला. तो काढून देवी बसवली.

"बरोबर आहे," बायको फोटो पर्समध्ये टाकत म्हणाली. "माझ्याच्याने तुमची बदली थोडीच थांबणार."

आणि त्याच आठवड्यात मनवेलपाड्यात, एका बिल्डिंगच्या जिन्यात, फोन माझ्या हातून पडला. चांगला दोन पायऱ्या गडगडत गेला. काच वाचली, कोपरा दबला. पुढे जे झालं त्याचं कारण मला म्हणून आयतंच मिळालं. एक कारण हाताशी आलं की दुसरं शोधायच्या भानगडीत मी पडत नाही. हा माझा जुना स्वभाव.

दोनेक दिवसांत साहेबांचा फोन. हे आमचे विभागाचे साहेब, ठाण्याला बसतात. माणूस वाईट नाही, पण नकाशावर त्यांचा भारी विश्वास.

"काल दुपारी कुठे होता तुम्ही?"

"एव्हरशाईन सिटीत, साहेब. तिसऱ्या सेक्टरची सोसायटी. सेक्रेटरीच भेटले."

"इथे तर तुम्ही खाडीत दिसताय."

"खाडीत?"

"खाडीत. पोहता येतं ना?"

मी हसलो. साहेब हसले नाहीत.

फोन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याने फोन कानाशी हलवून बघितला, जणू नारळच, आणि म्हणाला, "ॲंटेनाचा प्रॉब्लेम. सोडून जावा लागेल." सोडून कसा जाणार? ॲप त्याच एका फोनला बांधलेलं. फोन नाही त्या दिवशी मी नाही. दुसऱ्या फोनची परवानगी मागायची तर अर्ज मुख्य कार्यालयात, म्हणजे माझी दुखणी तिथल्या सगळ्यांना माहीत होणार. शेवटी मी जे ठरवलं ते कोणत्याही शहाण्या माणसाने ठरवलं नसतं. मीच दुरुस्त करायचं.

अगदीच पाया नव्हता असं नाही. तरुणपणी मी रेडिओ दुरुस्तीचा पोस्टाने येणारा अभ्यासक्रम अर्धा केला होता. त्या शिक्षणावर घरचा रेडिओ उघडला होता. त्यानंतर तो एकच केंद्र पकडायचा, तेही कोणीतरी एरियल हातात धरून उभं राहिलं तर. वडील हयात होते तोवर बातम्या उभ्याने ऐकायचे.

रविवारी जेवण झाल्यावर विहिरीशेजारच्या ओट्यावर शस्त्रक्रिया मांडली. व्हिडिओ आधी चार वेळा पाहिला होता. त्यातला माणूस पांढऱ्या रबरी चटईवर काम करतो. माझ्याकडे चटई नव्हती, म्हणून वाडीतलं केळीचं पान कापून आणलं. हिरव्यावर बारीक स्क्रू उठून दिसतात, असा माझा विचार. ही अक्कल फक्त बागायतदाराच्या घरातच सुचू शकते. पण केळीच्या पानाला मधोमध पन्हळीसारखी शीर असते. मी एकेक स्क्रू काढून आपापल्या जागी नीट ठेवला, आणि एकेक स्क्रू शांतपणे घरंगळत त्या शिरेत गेला. लांब, आखूड, जाड, बारीक, सगळे एका रांगेत, एखाद्या लग्नाच्या पंगतीसारखे. कोण कुठला, हे आता त्यांनाच ठाऊक.

पण त्याआधी, सगळ्यात आधी, मी एक गोष्ट केली. कव्हर काढलं, देवीचं कार्ड बाहेर काढलं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. स्क्रू-ड्रायव्हर चालवताना देवीला धक्का लागू नये. आईने तिच्यापुढे दिवा लावला. "आता कर," म्हणाली.

बायकोचा हेअर ड्रायर लावून मागचं झाकण गरम केलं, गोंद सैल झाल्यावर प्लॅस्टिकचा तुकडा घालून उचकटलं. आत बघितलं तर सगळं व्हिडिओसारखंच होतं, फक्त लहान. जीपीएसचा ॲंटेना म्हणजे मागच्या चौकटीत बसवलेली पत्र्याची एक नक्षी, आणि खालच्या सर्किटच्या पाटीवरून तिला टेकणाऱ्या दोन चिमुकल्या स्प्रिंगा. फोन पडला की त्या दबतात, टेकायच्या बंद होतात, मग सिग्नल मिळत नाही. इलाज सोपा. सुईने त्या जराशा उचलायच्या. मी आईची चाफ्याचा हार ओवायची सुई घेतली. पहिली स्प्रिंग छान उचलली गेली. दुसरीही उचलली गेली, इतकी की ती पाटीवरून उठून माझ्या सुईवर आली.

तिथे मी विहिरीच्या मोटरचं रिवाइंडिंग केल्यावर उरलेली तांब्याची तार कामाला आणली. छोटा तुकडा वाकवून स्प्रिंगच्या जागी बसवला. काहीच झालं नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर आठवलं की वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा थर असतो. तो खरवडल्याशिवाय वीज पुढे जात नाही. अभ्यासक्रमाच्या उरलेल्या अर्ध्या भागात हे असणार. खरवडलं, पुन्हा बसवलं, झाकण लावलं, हाती आले तसे स्क्रू पिळले.

आणि काय सांगू! फोन चालू केला, नकाशा उघडला, तर निळा ठिपका थेट आमच्या विहिरीच्या काठावर. मी ओट्यावरून चाफ्यापर्यंत चाललो, ठिपका चाललो तसा चालला. केळीच्या बागेत वळलो, वळला. आईला बोलावून दाखवलं.

"हा तू?"

"हा मी."

"एवढासाच?" आई म्हणाली, आणि देव्हाऱ्यातून देवी आणून माझ्या हातात दिली. मी ती कव्हरात घालून कव्हर फोनवर चढवलं, आणि सोमवारी सकाळी शीळ घालत निघालो.

सोमवारी मी खाडीत होतो.

तेव्हा माझी विचारशक्ती जोरात चालली. रविवारी चालतो, सोमवारी चालत नाही, म्हणजे सोमवारी काहीतरी असतं जे रविवारी नसतं. स्कूटर! इंजिनाचा हादरा. मी फोन फडक्यात गुंडाळून नेऊ लागलो. फरक नाही. मग विजेच्या उच्च दाबाच्या तारा. मी त्या टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. पेट्रोल वाढलं, ठिपका तिथेच. बायको एका संध्याकाळी थकून आली, बूट काढता काढता म्हणाली, "अहो, हा फोन घरी बरा असतो आणि बाहेर पडला की बिघडतो. तुमचं उलटं आहे. एवढाच काय तो फरक." तिच्या बोलण्यात उत्तर होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त टोमणा ऐकू आला.

मग मला खरं कारण सापडलं, म्हणजे एका व्हिडिओत सापडलं. उपग्रहाचा सिग्नल फार अशक्त असतो. आकाशातून कोणी कुजबुजावं इतका. आणि फोनच्या आत, ॲंटेनाच्या शेजारी, कॅमेऱ्याची पट्टी असते, ती सारखी विजेचा गोंगाट करते. कोणी कुजबुजत असताना शेजारी भांडी घासावीत तसं. त्यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्यावर तांब्याचा पातळ पत्रा चढवून गोंगाट आत कोंडायचा. मला हे इतकं पटलं की मी लगेच स्टेशनजवळच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे यंत्र कोरायला कागदासारखा पातळ तांब्याचा पत्रा मिळतो.

"कुठलं यंत्र करायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"आहे एक," मी म्हणालो. "फार कडक आहे."

पुढच्या रविवारी पुन्हा ओटा, पुन्हा पान (या वेळी शीर कापून टाकलेलं, हे माझं संशोधन), पुन्हा देवी देव्हाऱ्यात, पुन्हा दिवा. पत्रा आईच्या कात्रीने कापला. खाली चिकटपट्टी लावली, कारण उघडा पत्रा पाटीला लागला तर फोन जळतो. एक कोपरा चौकटीच्या धातूला टेकवला, कारण गोंगाटाला जमिनीत जायला वाट लागते. हे सगळं मी खरोखर नीट केलं, हे मुद्दाम सांगतो. माझ्या आयुष्यात नीट केलेल्या कामांची यादी लांब नाही. बंद केलं, चालू केलं, ठिपका विहिरीच्या काठावर, आधीपेक्षा लवकर. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "सोमवारी बोलू."

सोमवारी काय झालं ते सांगत नाही.

शिवाय एक नवीन गंमत झाली. पहिल्या रविवारच्या पंगतीतला एक लांब स्क्रू आखूड भोकात गेला होता आणि दुसऱ्या रविवारी मी तो आणखी घट्ट पिळला. त्याने आतलं काहीतरी कुरतडलं. फोनचा कानाला लावायचा स्पीकर कायमचा गप्प झाला. आता कोणाचाही फोन आला की खालच्या मोठ्या स्पीकरवरच वाजायचा, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. माझं खाजगी आयुष्य तिथेच संपलं. विम्याच्या पोरीपासून मेहुण्यापर्यंत सगळे माझ्याशी जाहीरपणे बोलू लागले.

आणि तशातच, मी पाटाची माती ओढत असताना, साहेब जाहीरपणे बोलले.

"हे बघा, मी तुम्हाला ओळखतो म्हणून थांबलोय. लातूरची ऑर्डर टेबलावर आहे. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो, एक दिवस तुमच्याबरोबर फिरतो. त्या दिवशी तुम्ही नकाशात जागेवर दिसलात तर ठीक. नाही दिसलात, तर मग माझ्या हातात काही नाही."

आई चाफ्याखाली टोपली घेऊन उभी होती. तिने टोपली खाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवार नसताना, एकटी रिक्षा करून विरारला गेली. परत आली ती नवीन कार्ड घेऊन. हे पहिल्याच्या दुप्पट. फोनची पाठ या कडेपासून त्या कडेपर्यंत सोन्याने मढवणारं.

"लहान आणली होती मी," आई म्हणाली. "माझंच चुकलं. एवढ्या मोठ्या कामाला मोठीच हवी."

दोन्ही कार्डं एकावर एक बसवून तिने कव्हर स्वतःच्या हाताने दाबून लावलं. तिच्या अंगठ्याचं कुंकू कव्हरावर उमटलं. आई आणि मी एकाच कामाला लागलो होतो, एकाच जिद्दीने. फक्त ती एका बाजूने ढकलत होती आणि मी दुसऱ्या बाजूने, मध्ये बिचारा फोन.

त्या दिवसानंतर मी खाडीतही दिसेनासा झालो. ठिपक्याभोवती एक भलंमोठं फिकट वर्तुळ आलं, म्हणजे फोनला इतकंच सांगता येत होतं की मी याच्या आत कुठेतरी आहे. त्या वर्तुळात नायगाव होतं, वसई होती, विरार होतं, सफाळ्याचा काही भागही होता. मी एकाच वेळी सगळीकडे होतो. हा गुण मी आजवर फक्त परमेश्वराचा म्हणून ऐकला होता.

साहेब येण्याआधीच्या रविवारी मी शेवटचा घाव घातला. मोटरच्या तारेचं एक वेटोळं करून ॲंटेनाला जोडलं आणि त्याचं टोक हेडफोनच्या भोकातून बाहेर काढलं. चांगली वीतभर शेपटी. विहिरीवर चाचणी घेतली, ठिपका काठावर. नंतर देवी, देवी, कव्हर.

साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, आणि माझ्या स्कूटरवर मागे. फोन बघून म्हणाले, "हे काय लोंबतंय?"

"ॲंटेना, साहेब. बाहेरचा. आतूनही मजबूत केलंय, तांब्याचं कवच वगैरे."

"कोणी केलं?"

"मीच."

साहेबांनी हेल्मेटचा पट्टा जरा घट्ट केला.

एव्हरशाईन सिटीत मी सोसायटीच्या दाराशी उभा राहून बटण दाबलं. वर्तुळात नाही. मनवेलपाड्यात चार मजले चढून गेलो. साहेब वर येईतो घामाघूम. वर्तुळात नाही. शेपटी मी आकाशाकडे धरली, खिडकीबाहेर धरली. साहेबांच्या स्वतःच्या फोनवर त्यांचा ठिपका प्रत्येक ठिकाणी चोख जागेवर होता, आणि ते तो मला न बोलता दाखवत होते. हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. मला चाफ्याखाली ठेवलेली टोपली दिसत होती.

शेवटची भेट अर्नाळ्याला. किनाऱ्यालगतचं घर, अंगणात बोंबील वाळत घातलेले, ओसरीवर आमचं यंत्र. घरातल्या मावशी मला ओळखतात. बटण दाबलं तर मी किल्ल्याच्या पलीकडे, समुद्रात.

"मावशी," साहेब म्हणाले, "हे दर महिन्याला इथे येतात?"

"येतो की. पानी बगतो, च्या पितो."

"पण नकाशात हे समुद्रात दिसताहेत."

मावशींनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "समुद्रात माजा घोव हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो हितं हाय. तुला दिसत नाय काय?"

साहेबांना दिसत होतं, तोच प्रश्न होता. त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगा. ठिपका हलवायचं ॲप असतं, लोक वापरतात. तसलं काही टाकलंय का? आणि आत नेमकं काय बसवलंय? कव्हर काढा."

बदलीचं कुठल्या कुठे राहिलं. आता मी लबाडही ठरणार होतो. मी कव्हर काढलं. दोन्ही देव्या उन्हात लखलखल्या. साहेबांनी नकळत बूट काढले. दोन्ही कार्डं त्यांनी ओंजळीत घेतली, कपाळाला लावली.

"कोणी ठेवल्या?"

"आईने. माझी बदली होऊ नये म्हणून."

मी फोन ओसरीच्या कडेवर ठेवला, शेपटी सोडवायला. आणि बघतो तर ठिपका हलला. किल्ल्यामागून निघाला, पाण्यावरून आला, वाळू ओलांडली, बोंबलांच्या रांगांतून वाट काढली आणि हिरव्या वर्तुळाच्या मधोमध येऊन बसला. फोन टुणकन वाजला. भेट नोंदली.

मी साहेबांच्या हातातलं एक कार्ड घेतलं आणि फोनच्या पाठीला लावलं. थोडा वेळ काही नाही. मग ठिपका उठला आणि समुद्राकडे चालू लागला. कार्ड काढलं. परत आला. पुन्हा लावलं. पुन्हा गेला.

"काय खेल लावलाय?" मावशी म्हणाल्या.

पत्रा. सोनेरी असो नाहीतर तांब्याचा, शेवटी पत्राच. आकाशातून येणारी कुजबुज आणि फोनचा कान यांच्यामध्ये आईने धातूची भिंत उभी केली होती, आणि तीच भिंत मी दर रविवारी कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवत होतो, म्हणून रविवारी फोन चालत होता. सगळी दुरुस्ती त्या एका नमस्कारात होती. बाकी स्प्रिंगा, वार्निश, कवच, गोंगाट, शेपटी... मी शेपटी उपटून काढली. ठिपका जागचा हलला नाही.

साहेब बूट घालत होते. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्यांना बोलता आलं.

"लातूरला तुम्हाला आता पाठवणं शक्यच नाही," ते म्हणाले. "तिथे गेलात तर शाखेतले सगळे फोन उघडाल."

घरी आलो तेव्हा आई पायरीवर बसून हार ओवत होती. सुईवर नजर ठेवूनच तिने विचारलं, "दिसलास?"

"दिसलो. बदली रद्द."

तिने फूल ओवलं, सुई बाजूला ठेवली आणि देव्हाऱ्याच्या दिशेने हात जोडले. "मोठी आणली म्हणून."

तिला सांगायचं तरी काय? देवीमुळे मी हरवलो, हरवलो म्हणून साहेब स्वतः आले, आले म्हणून त्यांना सगळं डोळ्यांनी दिसलं, आणि दिसलं म्हणून बदली टळली. लांबच्या रस्त्याने का होईना, पण काम तिनेच केलं होतं. निदान माझ्या स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा तिचा हात त्यात नक्कीच जास्त होता.

"फक्त एक कर," मी म्हणालो. "हिला फोनमध्ये फार गरम होतं. शर्टाच्या खिशात ठेवतो."

"मी तेच म्हणणार होते," आई म्हणाली. कव्हरात बायकोचा फोटो परत गेला. कागदाचा आहे, कसलाही त्रास नाही.

फोन मी अजून तोच वापरतो, आणि तो अजूनही मोठ्यानेच बोलतो. परवा संध्याकाळी आम्ही दोघं वाडीत असताना साहेबांचा फोन आला. सुरुवातीला बरंच इकडचं तिकडचं झालं. मग साहेब अडखळले.

"ते... तुमच्या आईंनी देवी आणली होती ना. ती कुठे मिळते?"

"का, साहेब?"

"अहो, मुख्य कार्यालयाने आता आमच्याही फोनात ते ॲप टाकलंय. शनिवारी दुपारीसुद्धा ठिपका बघत बसतात. माणसाने जरा..."

पुढचं त्यांनी गिळलं. पण आई जवळच होती, आणि तिला ऐकायचं तेवढं ऐकू आलं होतं. तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी दिसली. खोरं टाकून ती फोनशी वाकली.

"अरे देवा, साहेबांचीही बदली निघाली का? काळजी करू नका हो. मंगळवारी जाते आणि घेऊन येते. लहान आणू की मोठी?"

पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"मोठीच आणा, आई," साहेब म्हणाले. "सगळा फोन झाकला जाईल अशी."